क्षेत्ररक्षणाची आकडेवारी
खेळाडूचे क्षेत्ररक्षणकौशल्य मोजण्याकरिता ठेवलेली संख्यात्मक नोंद. उदाहरणार्थ, भारतीय क्रिकेटपटू पॉली उम्रीगर यांनी ५९ कसोटी सामन्यांत ३,६३१ धावा केल्या व ३३ झेल घेतले. तथापि धावसंख्या फलंदाजीची जशी साक्ष देते, तशी झेलांची संख्या क्षेत्ररक्षणाची देत नाही. कारण अडविलेल्या धावा व सुटलेले झेल यांचा हिशेब धावफलकाच्या दफ्तरी दाखलच होत नाही. भारताचेच क्षेत्ररक्षक एकनाथ सोलकर यांचे २७ कसोटींतील ५३ झेल असामान्य खरे, परंतु त्यांत फिरकी गोलंदाजांचा व फलंदाजानजीकच्या त्यांच्या जागेचाही वाटा आहे. बेसबॉलमध्येही चेंडूपर्यंत न पोहोचणाऱ्याच्या खाती बहुधा चूक जमा होत नाही. म्हणून अशा आकड्यांस जाणकाराच्या प्रत्यक्ष अवलोकनाची जोड अवश्य होय.