न बिघडलेल्या वस्तूही मोजा

वॉरंटीचा डेटा हातात आला की तुम्ही आधी बिघडलेल्या वस्तू मोजता. पण ज्या अजून चालूच आहेत, त्यांचं काय? १९५० च्या दशकात हाच प्रश्न दोघांसमोर होता. बेल लॅब्जमधले एडवर्ड कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात ते पाहत होते. पॉल मायर यांच्यापुढे रुग्ण होते. दोघांनी एकाच जर्नलला लेख पाठवले. संपादकांनी ते एकत्र करायला लावले. १९५८ मध्ये संयुक्त लेख आला.

युक्ती साधी आहे: प्रत्येक बिघाडाच्या वेळी, तोवर चालू असलेल्यांपैकी किती टिकल्या ते प्रमाण काढा आणि ही प्रमाणं गुणत जा. चालू वस्तू वगळल्यात, तर आयुष्य कमी दिसतं आणि वॉरंटीच्या खर्चाचा अंदाज फुगतो. तेव्हा डेटा साफ करताना ‘अपूर्ण’ नोंदी पुसू नका.