वांझ फुलांचें गणित

मायकेल फॉस्टर यांचें नांव इंग्लंडांत शरीरक्रियाशास्त्राचे थोर अध्यापक म्हणून घेतलें जातें. केंब्रिज विद्यापीठांतील प्राध्यापकपद आणि रॉयल सोसायटीचें चिटणीसपद सांभाळून उरलेला वेळ ते शेलफर्ड येथील आपल्या बागेंत घालवीत, आणि त्या बागेंत पहिला मान आयरिसचा. तलवारीसारखीं पानें, आल्यासारखें आडवें पसरणारें खोड, तीन पाकळ्या उभ्या व तीन झुकलेल्या, आणि झुकलेल्या पाकळीवर केसांची लहानशी दाढी; काश्मीरांत कबरींवर जीं फुलझाडें लावतात तीं याच कुळांतलीं.

युरोपांतील बागांत त्या काळीं ज्या उंच आयरिस होत्या, त्या बहुतेक दोन रानटी जातींच्या वंशांतल्या: डाल्मेशियांतील फिकट जांभळी पॅलिडा आणि मध्य युरोपांतील पिवळी-तपकिरी व्हेरिगेटा. यांचा संकर सहज होई, बींही भरपूर धरे. पॅरिसजवळ लेमाँ नांवाच्या बागवानानें १८४० च्या सुमारास त्यांतून अनेक नामांकित प्रकार काढले. परंतु फुलें बेताचींच. फॉस्टर यांनीं तुर्कस्तानांतील मिशनऱ्यांकडून नवे गड्डे मागविले, आणि १८८५ च्या सुमारास अमास्या शहराकडून जी जात आली ती 'अमास' या नांवानें प्रसिद्धीस आली. सायप्रस व मेसोपोटेमियाकडच्याही जाती मिळाल्या. फूल मोठें, दांडा जाड. पण कांहींना इंग्लंडचा ओला गारठा सोसेना. तेव्हां नव्या-जुन्यांचा संकर करणें क्रमप्राप्तच होतें.

येथें गाडें अडलें. पराग जपून घातले तरी बोंड क्वचितच धरे. धरलें तर आंत दोनचार दाणे निघत. त्यांतून उगवलेलें झाड जोमदार, परंतु खेचराप्रमाणें बहुधा वांझ. प्राण्यांच्या देहव्यापाराचा एवढा मोठा अभ्यासक, पण आपल्याच वाफ्यांतील या वंध्यत्वाचें कारण त्यांना उमगलें नाहीं. १९०७ सालीं ते वारले. 'लेडी फॉस्टर' सारखीं त्यांचीं अपत्यें बाजारांत आलीं तीं त्यानंतर. विल्यम डाइक्स यांनीं त्यांच्या टिपणांचा आधार घेऊन १९१३ सालीं आयरिसवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतही हा उलगडा नव्हता.

उलगडा झाला तो सूक्ष्मदर्शकाखालीं. १९३० च्या आसपास फ्रान्समधील मार्क सिमोने प्रभृति संशोधकांनीं आयरिसच्या पेशींतील गुणसूत्रें मोजलीं. जुन्या युरोपीय जातींत तीं २४ निघालीं, तर अमास व तिच्या सोबतिणींत ४८. परागांत व बीजांडांत निम्मीं उतरतात. म्हणजे एकीकडून १२ आणि दुसरीकडून २४, मिळून अपत्यास ३६, बाराबारांचे तीन संच. पुढें पराग तयार होतांना दोन संचांच्या जोड्या जुळतात, तिसरा एकटा पडतो. वांटणी विषम होते आणि बहुतेक पराग निकामी ठरतात. महाराष्ट्रांत घरोघरीं खाल्लें जाणारें केळें बिनबियांचें असतें, त्याच्या मुळाशींही बहुतेक प्रकारांत हेंच तिहेरी गणित आहे.

मग वंश पुढें चालला कसा? क्वचित् एखादें बीजांड निम्में होण्यास चुकतें आणि २४ च्या २४ गुणसूत्रें राखून ठेवतें. त्यास अमासचे २४ मिळाले कीं ४८ चें, सुपीक झाड जन्मास येतें. डेव्हनमधील आर्थर ब्लिस यांनीं १९१७ सालीं बाजारांत आणलेली मखमली जांभळी 'डोमिनियन' ही अशाच चुकीची कन्या. आजच्या उंच आयरिसपैकीं बहुतेक सर्व ४८ च्या आहेत; निसर्गाच्या बेशिस्तीचे एवढे उपकार माळ्यांवर क्वचितच झाले असतील.

गणित कळल्यावर बुटक्या आयरिसचें कोडेंही सुटलें. पूर्व युरोपांतील वीतभर उंचीच्या पुमिला जातींत ३२ गुणसूत्रें, आठांचे चार संच. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत पॉल कुक यांनीं तिचा उंच आयरिसशीं संकर केला, तेव्हां अपत्यास १६ व २४ मिळून ४० आलीं. अंक वेडावांकडा दिसतो; पण आठांना आठ भेटतात, बारांना बारा, आणि कोणी एकटें उरत नाहीं. १९५१ सालीं आलेली त्यांची 'ग्रीन स्पॉट' सुपीक निघाली आणि तिच्या भावंडांसह एक नवा वर्गच उभा राहिला. याच बुटकीचा पुन्हां उंच जातीशीं संकर केला कीं ४४ चें झाड होतें. फुलतें सुरेख, परंतु आठांचा एक संच पुन्हां जोडीविना राहतो, बीं बहुधा धरत नाहीं, आणि माळ्यास खोडाचे तुकडे करूनच तें वाढवावें लागतें.