समुद्रापलीकडचा जमाखर्च

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा मंडळाचा इतिहास सांगण्यास माझ्यापेक्षा जुनी-जाणती माणसे पुष्कळ आहेत, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले. तथापि आपल्या पहाडगंजच्या मराठी वस्तीच्या इतिहासातील एक पान मंडळाच्या इतिवृत्तात सापडणार नाही. ते पान बदल्यांचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी केव्हातरी एक लांब लिफाफा आला, आणि त्यातल्या चार ओळींनी घरातल्या मुलांच्या शाळा, म्हाताऱ्यांची औषधे आणि गृहिणीचा महिन्याचा हिशेब यांची उलथापालथ केली. त्या लिफाफ्यात ‘पोर्ट ब्लेअर’ हे दोन शब्द असले, तर प्रथम घरात शांतता पसरे आणि मग एकच प्रश्न निघे : ‘सगळ्यांनी जायचे, की एकट्याने?’

हा प्रश्न वरवर भावनेचा वाटतो. पण तो सोडवावा लागतो जमाखर्चाच्या वहीत. अंदमानातील राहणीचा खर्च आणि तेथे जाणाऱ्या सरकारी नोकराने घ्यावयाची जुनी मोटार, या दोन अगदी गद्य विषयांचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

गंज आणि बेट

पहाडगंज हे नावच मुळी बाजारपेठेचे. मोगल काळात शहाजहानाबादच्या तटबंदीबाहेर वसलेली ही धान्याची पेठ. पुढे 1911 साली राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा झाली, नवी दिल्ली उभी राहिली, आणि रेल्वे स्थानक व सरकारी कचेऱ्या यांच्या मध्ये असलेल्या या भागात नोकरदारांची वस्ती वाढली. आरामबागेतील सरकारी घरे, नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांच्या आसपास मराठी बोलणे कानी पडते, याचे मूळ त्या नोकऱ्यांतच आहे. येथल्या गृहिणीस धान्य, भाजी, दूध यांसाठी फार चालावे लागत नाही. भाव पटला नाही तर पुढच्या दुकानाची पायरी चढता येते.

बेटावर पुढचे दुकान असले, तरी त्या दुकानातला मालही त्याच जहाजातून उतरलेला असतो. अंदमानच्या महागाईचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात सामावले आहे. पोर्ट ब्लेअरपासून चेन्नई सुमारे 1,190 किलोमीटर आणि कोलकाता सुमारे 1,255 किलोमीटर. जहाजाचा प्रवास साधारणतः तीन ते चार दिवसांचा. बेटांच्या एकूण 8,249 चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी बहुतेक भाग जंगलाखाली, त्यामुळे शेतीस जमीन थोडी. पावसाळा दीर्घ, त्यामुळे भाजीचा हंगाम आखूड. मासळी व नारळ तेथे मुबलक. परंतु कांदा, बटाटा, डाळ, गव्हाचे पीठ, साबण, सिमेंट, शाळेची वही हे सर्व समुद्र ओलांडून येते. समुद्र खवळला व जहाज अडले, की भाव त्याच दिवशी चढतात.

काळ्या पाण्याची महागाई

ही परावलंबिता वसाहतीच्या जन्माइतकीच जुनी आहे. 10 मार्च 1858 रोजी डॉ. वॉकर दोनशे कैद्यांसह पोर्ट ब्लेअरला उतरला, तेव्हा त्यांच्या अन्नाचा साठाही बरोबरच आणावा लागला. 1860च्या दशकात या वसाहतीसाठी ‘अंदमान टोकन’ म्हणून एक रुपयाची तांब्याची नाणी पाडण्यात आली. बेटावरचा रुपया आणि मुख्य भूमीवरचा रुपया हे एक नव्हेत, ही गोष्ट त्या काळच्या सरकारने अशी तांब्यात कोरून ठेवली होती. माझ्या मते, आजही बदलीवर जाणाऱ्या प्रत्येक नोकराने ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मराठी मनात अंदमान म्हणजे सेल्युलर जेल. ‘महाराजा’ जहाजातून 4 जुलै 1911 रोजी स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे पोहोचले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यापूर्वीच तेथे बंदिवासात होते. 1921 साली दोघांना परत आणण्यात आले. त्या इतिहासापुढे भाजीच्या भावाची गोष्ट काढणे कोणास क्षुद्र वाटेल. परंतु जहाज न येणे म्हणजे काय, हे बेटाने नंतरही एकदा फार दारुण रीतीने अनुभवले. 23 मार्च 1942 पासून 1945च्या ऑक्टोबरपर्यंत बेटे जपानी सैन्याच्या ताब्यात होती. अखेरच्या काळात समुद्रमार्ग तुटले आणि अन्नान्नदशा झाली. लोक उपासमारीने मेले. बेटावरच्या जुन्या माणसांच्या घरी तांदळाचा डबा कधी तळाला जाऊ देत नाहीत, त्यामागे ही स्मृती आहे.

स्वातंत्र्यानंतर 1949 पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांची कुटुंबे तेथे वसविण्यात आली. शिक्षक, अभियंते, लेखापाल, हवामान खात्याचे व टपालाचे लोक मुख्य भूमीवरून जाऊ लागले. पूर्वी शिक्षा म्हणून जेथे पाठवीत, तेथे आता नेमणूक म्हणून पाठवू लागले. 2011च्या जनगणनेत बेटांची लोकसंख्या 3,80,581 भरली. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर 2024 मध्ये ‘श्री विजयपुरम्’ असे बदलण्यात आले. नाव नवे झाले तरी अंतर जुनेच राहिले.

सरकारने हे अंतर कसे मोजले?

आपला महागाई भत्ता अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. म्हणजे तो साऱ्या देशाच्या सरासरीचा आरसा आहे. त्यात पहाडगंज आणि पोर्ट ब्लेअर यांचे चेहरे वेगळे दिसत नाहीत. महागाई भत्ता काळाची महागाई भरून काढतो, स्थळाची नव्हे. म्हणून स्थळासाठी निराळी तरतूद करावी लागली.

या संदर्भात 14 डिसेंबर 1983 ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी अर्थ मंत्रालयाने ईशान्य भारतात नेमलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सवलतींचे ज्ञापन काढले. मूळ वेतनाच्या 25 टक्के, पण महिना 400 रुपयांच्या मर्यादेत, विशेष भत्ता. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांस तीन वर्षांची व त्याहून अधिक सेवा झालेल्यांस दोन वर्षांची नेमणूक. या त्यातील ठळक बाबी होत्या. कुटुंबासाठी पूर्वीच्या ठिकाणचे सरकारी घर राखून ठेवण्याची मुभाही देण्यात आली. हेच धोरण पुढे अंदमान-निकोबार व लक्षद्वीपलाही लागू झाले. सातव्या वेतन आयोगानंतर, 2017 साली, बेटांचा विशेष भत्ता स्थळाच्या बिकटपणानुसार 10, 16 व 20 टक्के असा ठरला. पोर्ट ब्लेअरला 10, निकोबारला 20. बदलीच्या वेळी मिळणारे एकरकमी अनुदान इतरत्र मूळ वेतनाच्या 80 टक्के असते. बेटांवर जाता-येताना ते 100 टक्के असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घर राखून ठेवण्याची सवलत मोठ्या दयाबुद्धीने दिलेली आहे, आणि अनेक कुटुंबांना तिचा आधार झाला. परंतु तिच्यामुळेच ‘एकट्याने जावे’ हा निर्णय सोपा झाला. दिल्लीत एक चूल आणि बेटावर दुसरी. दोन विजेची बिले, दोन गॅस, आणि वर्षाकाठी विमानाची तिकिटे. 10 टक्क्यांचा भत्ता महाग कांद्याला पुरतो, दोन संसारांना पुरत नाही. हिशेब मांडला तर सगळ्यांनी मिळून जाणे बहुधा स्वस्तच पडते. आणि सगळे मिळून गेले की मोटारीचा प्रश्न उभा राहतो. कारण पोर्ट ब्लेअर हे चढ-उताराचे गाव, पाऊस वर्षातून सात-आठ महिने, आणि मुलांची शाळा टेकडीच्या पलीकडे.

मोटारीची गोष्ट

तरुण वाचकांस आज खरे वाटणार नाही, पण एके काळी या देशात जुनी मोटार नव्या मोटारीहून महाग विकली जाई. अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीनच गाड्या. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. 1959च्या नियंत्रण आदेशान्वये नवी मोटार घेतल्यावर दोन वर्षे परवानगीवाचून विकता येत नसे. सरकारी कोट्यातून गाडी मिळालेला अधिकारी पहाडगंजात भाग्यवान समजला जाई. इतर लोक करोलबागेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात फेऱ्या मारून रिकाम्या हातांनी चालत परत येत.

ही स्थिती ज्या दिवशी पालटू लागली, तो दिवसही 14 डिसेंबर 1983 हाच! पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती 800 गाडीची किल्ली त्याच दिवशी ग्राहकास देण्यात आली. एका तारखेने नोकरास दूर पाठविण्याचे नियम घातले आणि तेथे त्यास परवडेल अशी गाडीही दिली, हा योगायोगच; पण बेटांच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या. दोन-तीन वर्षांनी परतणारा अधिकारी गाडी विके, त्याच सुमारास नवा अधिकारी उतरे आणि ती घेई. एकच लहान गाडी अशी चार-पाच संसारांच्या उपयोगी पडे.

दिल्लीची गाडी सोबत का नेऊ नये, असे कोणी विचारील. वेतनश्रेणी 6 व त्यावरील नोकरास एक मोटार बदलीच्या खर्चात नेता येते, हे खरे. पण जहाजात जागा मिळेपर्यंत थांबावे लागते. 1988च्या मोटार वाहन कायद्यानुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या प्रांतात गाडी ठेवल्यास ना-हरकत दाखला घेऊन नवी नोंदणी करावी लागते व तेथील कर भरावा लागतो. आणि परतताना हेच सारे उलट्या क्रमाने. शिवाय 2015चा हरित न्यायाधिकरणाचा व 2018चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर गंडांतर आले. पुढे त्यांत फेरबदल झाले. पण परतल्यावर आपली गाडी रस्त्यावर आणता येईल की नाही, ही धास्ती राहिलीच. म्हणून शहाणी माणसे बेटावरची गाडी बेटावरच घेतात आणि बेटावरच ठेवून येतात. पेट्रोल मात्र तेथे, कर अल्प असल्याने, स्वस्त; 2024 मध्ये ते दिल्लीपेक्षा लिटरमागे दहा रुपयांहून अधिक उतरते होते.

बेटावरची जुनी गाडी पाहण्याची रीतही निराळी आहे. मुख्य भूमीवर आपण किती किलोमीटर चालली ते विचारतो. बेटावर हा आकडा फसवा. गाव लहान, म्हणून तो नेहमीच कमी असतो. तेथे पाहावयाचा तो गंज. खारे वारे दाराच्या खालच्या कडा, चाकांवरचे पत्रे, सायलेन्सर आणि तळ पोखरतात. चढावर सतत खालच्या गिअरात चालल्याने क्लचही लवकर झिजतो. पायाखालची चटई उचलून पाहावी, गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी असे की आभाळाखाली ते विचारावे, आणि नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा शिल्लक नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

हे शहाणपण मी पुस्तकातून मिळविलेले नाही. 2009 साली आम्ही चौघे तेथे गेलो आणि परतीच्या घाईत असलेल्या एका गृहस्थांची मारुती घेतली. त्यांनी चहा पाजला, सीटची आच्छादने नवी होती, मी चटई उचलली नाही. पहिल्याच मोठ्या पावसात धाकटीच्या पायाखाली पाणी आले. तळाला तिच्या तळव्याएवढे भोक होते, वर डांबरी कागद चिकटवलेला. दुरुस्तीस दोन महिन्यांचा भत्ता गेला. सौभाग्यवतीने वहीत तो खर्च ‘चटई’ या नावाखाली लिहिला. ती वही अजून घरात आहे.

दोन वर्षांनी आमचीही परतीची तारीख आली. गाडी पाहण्यास बिहारहून नव्याने आलेला एक तरुण अधिकारी सपत्नीक आला. पत्नीच्या कडेवर मूल होते. सीटची आच्छादने आम्हीही नुकतीच धुतली होती. खरे सांगावयाचे तर गप्प बसण्याचा मोह मला झाला. दिल्लीस पोहोचताच मोठ्या मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरावयाचे होते. मी घुटमळत असता सौभाग्यवतीने वहीचे ते पान त्या मुलीपुढे ठेवले आणि स्वतःच्या हाताने चटई उचलून दाखविली. किंमत अर्थातच उतरली. पण जाताना त्या मुलीने आमच्याकडून डब्यांच्या व वाण्याच्या हिशेबाची सारी माहिती लिहून घेतली : कोणत्या वारी जहाजाची भाजी येते, पाणी एक दिवसाआड आले तर किती भरून ठेवावे, दूध-पावडर कोठली चांगली. पुढे दोन वर्षांनी त्यांचे पत्र आले. गाडी आणखी एका कुटुंबास दिली, आणि सोबत गंजाच्या सर्व जागांची यादीही दिली, असे त्यात लिहिले होते.

असो. बेटावरच्या महागाईवर सरकारने टक्केवारीने उतारा दिला, आणि तो आवश्यकच होता. पण बाकीचा खर्च नेहमी आधी जाऊन आलेल्यांनी नंतर जाणाऱ्यांस खरे ते सांगितल्याने भागत आला आहे. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे, कोणताही ठराव न करता, हेच केले. पहाडगंजात नव्याने उतरलेल्या कुटुंबास पहिल्या आठवड्यात कोणी शेगडी दिली, कोणी शाळेचा अर्ज आणून दिला, कोणी ‘त्या घराची पश्चिमेची भिंत ओलावते’ एवढे तरी सांगितले. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या दप्तरात जपून ठेवलेल्या आहेत. या मदतीच्या पावत्या कोणी फाडल्या नाहीत. ज्यांच्या घरी यापुढे तो लांब लिफाफा येईल, त्यांनी मंडळात येऊन विचारावे. सांगणारे कोणी ना कोणी येथे भेटेलच.