बीड जिल्हा : खाद्यपरंपरा

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले पदार्थ, त्यांचे ऋतू आणि प्रसंग. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी, दक्षिणेकडे मांजरा आणि मधून बालाघाटची डोंगररांग जाते. नद्या असल्या तरी जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे आणि शेती मुख्यतः कोरडवाहू. दुधातुपाची किंवा ओल्या खोबऱ्याची रेलचेल इथल्या जेवणात नाही. भाकरी, डाळी, रानभाज्या, शेंगदाणा, जवस, कारळे आणि लसूण-मिरची यांवर ते उभे आहे. टिकेल, फडक्यात बांधून नेता येईल आणि थोडक्यात पोट भरेल असे अन्न हे या परंपरेचे मुख्य लक्षण होय.

धान्य व भाकरी : आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पश्चिमेकडील तालुक्यांत जमीन हलकी, मुरमाड, तिथे बाजरीला मान. गोदाकाठच्या आणि पूर्वेकडील काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, पिकतो. थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि एरवी ज्वारीची, अशी सर्वसाधारण वहिवाट आहे. १९७२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील हजारो लोक खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांवर होते. रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी (मिलो) आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण जुनी माणसे अजून काढतात. पांढऱ्याशुभ्र शाळूच्या भाकरीला इथे जे मोल आहे, त्यामागे हा अनुभवही आहे.

भाकरीबरोबर पिठले, झुणका, तव्यावर खरडलेला मिरचीचा ठेचा आणि कोरड्या चटण्या असतात. शेंगदाणा, जवस, कारळे व तीळ यांच्या लसूण घालून कुटलेल्या चटण्या घरोघरी बरणीत भरलेल्या असतात. वाढताना चटणीवर कच्चे तेल ओततात. पूर्वी ते बहुधा करडईचे असे.

ऊसतोड आणि शिदोरी : दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात व हंगाम आटोपल्यावर, साधारण उन्हाळ्याच्या तोंडी, परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. फडावर जाण्याआधी भल्या पहाटे चूल पेटवून भाकरी थापायच्या, त्या ठेचा किंवा चटणीसह फडक्यात बांधायच्या आणि दुपारी उसाच्या सावलीला बसून खायच्या, हा त्यांचा रोजचा क्रम. प्रवासासाठी धपाटे करतात. ज्वारीच्या पिठात हरभऱ्याचे पीठ, थोडी कणीक, लसूण-मिरचीचे वाटण, ओवा, तीळ आणि हळद घालून ओल्या कापडावर थापलेला धपाटा तेलावर खरपूस भाजला की दोन दिवस सहज टिकतो. घरी तो दह्याबरोबर, वाटेत शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ला जातो.

आमट्या व रोजचे पदार्थ : येसर हा मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातला खास जिन्नस. गहू, हरभऱ्याची डाळ व इतर धान्ये वेगवेगळी भाजून धने, जिरे, मिरे, लवंग, सुंठ, हळद आणि लाल मिरचीसह दळतात. ऐनवेळी भाजी नसली तर लसणाच्या फोडणीत पाणी ओतून त्यात हे पीठ कालवले, की दाटसर, मसालेदार आमटी होते. भाजलेल्या पिठामुळे तिला खोबऱ्याच्या वाटणाची गरज पडत नाही. देशस्थ घरांत लग्नकार्याच्या तयारीत येसर-मेतकूट करण्याची चाल आहे.

कुळथाच्या पिठात लसूण, जिरे आणि तिखट घालून हातावर वळलेले शेंगोळे झणझणीत पाण्यात शिजवतात. थंडीत आणि पावसाळ्यात ते हमखास होतात. कणकेच्या कापण्या वरणात शिजवून केलेली वरणफळे, ज्वारीच्या भरडीच्या कण्या, ताकातली आंबील आणि आजाऱ्याला देण्याचे ज्वारीच्या पिठाचे माडगे हे साधे पदार्थही याच पंगतीतले. सकाळच्या न्याहारीला सुशीला करतात. चुरमुरे पाण्यात भिजवून लगेच निथळतात, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे आणि हळदीच्या फोडणीत परततात व वरून फुटाण्याच्या डाळ्याचे कूट आणि कोथिंबीर घालतात. चुरमुरे जास्त भिजले तर त्यांचा लगदा होतो, म्हणून सगळी करामत निथळण्याच्या त्या क्षणात आहे.

पालेभाज्या : पावसाळ्यात आणि रब्बीच्या रानात मिळणारा पाला हा इथल्या जेवणाचा मोठा आधार. अंबाडीचा पाला उकडून आंबट पाणी काढून टाकतात आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या व तूरडाळ घालून घोटतात. ताटात भाजीला मधोमध आळे करून त्यात लसणाची चरचरीत फोडणी ओतायची आणि भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खायचा, ही तिची रीत. पाथरी, घोळ, तांदूळकुंदा, कोवळी करडई यांच्याही भाज्या होतात. हरभऱ्याचा कोवळा पाला कच्चाच चिरून कांदा, शेंगदाण्याचे कूट आणि तेल घालून त्याचा घोळाणा करतात. उन्हाळ्यात भाजी दुर्मीळ होते, तेव्हा वाळवणे उपयोगी पडतात. चैत्र-वैशाखात घातलेले सांडगे, बाजरीच्या खारोड्या, कुरडया आणि पापड वर्षभर पुरवतात.

हुरडा : पौषाच्या सुमारास ज्वारीची कणसे दुधाळ अवस्थेतून पुढे सरकली, की हुरड्याचे दिवस येतात. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, निखाऱ्यात कणसे खुपसून भाजतात आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे मोकळे करतात. सोबत गूळ, लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही आणि रानातली बोरे. सुरती, गुळभेंडी, कुचकुची ही हुरड्याची जुनी नावाजलेली वाणे; परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाण विकसित केले आहे.

सणावारांचे अन्न : लातूर व धाराशिव जिल्ह्यांना लागून असलेल्या अंबाजोगाई, परळी आणि केज तालुक्यांतील गावांत मार्गशीर्ष अमावास्येला येळवस (वेळा अमावास्या) साजरी होते. शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा करतात आणि रानातच जेवतात. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, गाजर आणि पालेभाज्या एकत्र करून डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी, मातीच्या मडक्यात मुरवलेली ताकाची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि तिळाच्या पोळ्या हा त्या दिवशीचा थाट. त्या दिवशी वाटसरूलाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

पोळा आणि होळीला पुरणपोळी व कटाची आमटी ठरलेली. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी येथे भगवान पुरुषोत्तमाचे मंदिर असून यादव राजा रामचंद्राचा इ. स. १३१० चा ताम्रपट याच गावी सापडला. दर अधिक मासात येथे मोठी यात्रा भरते आणि देवाला पुरणाच्या धोंड्यांचा नैवेद्य दाखवतात. घरी जावयाला धोंडे वाढायचे तेही याच महिन्यात. महाशिवरात्रीला परळी वैजनाथ येथे येणारे भाविक भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळी यांवर उपवास करतात. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत घराघरांतून भाकरी गोळा होतात व काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाची पंगत बसते.

सामिष पदार्थ : काळ्या मसाल्यातला मटणाचा पातळ, तिखट रस्सा आणि बाजरीची भाकरी हा जत्रेतला बेत. नवस फेडण्यासाठी दर्ग्यावर केली जाणारी कंदुरी हिंदू व मुस्लिम दोघेही करतात. १९४८ पर्यंत जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बीड, अंबाजोगाई यांसारख्या गावांतील मुस्लिम घरांत बिर्याणी, दालचा आणि ईदचा शीरखुर्मा ही परंपरा आजही आहे. माजलगाव धरणामुळे गोड्या पाण्यातील मासेही बाजारात येतात.

सीताफळ : बालाघाटच्या मुरमाड उतारांवर, विशेषतः धारूर, अंबाजोगाई, बीड, पाटोदा व आष्टी भागांत, सीताफळाची झाडे आपोआप उगवतात. कमी पाण्यात तगणारे हे फळ दसरा-दिवाळीच्या आसपास पिकते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाई येथे कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र असून ‘धारूर-६’ ही निवड तेथील आहे. गराची रबडी व बासुंदी आता लोकप्रिय झाली असली, तरी डोंगरातून पाटीत आलेले फळ हाताने फोडून खाणे हीच मूळ रीत.

प्रवाशांसाठी : यांतील बरेचसे अन्न हॉटेलात मिळत नाही, ते घरात, शेतात आणि यात्रेत मिळते. सुशीला आणि धपाटे मोठ्या गावांत सापडतात. सीताफळासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, येळवशीसाठी डिसेंबर-जानेवारी आणि हुरड्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी हे दिवस साधावेत. अंबाडीची भाजी आणि येसराची आमटी मात्र कोणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून गेल्यावरच खरी चाखायला मिळते.