मुंबईसमोरचा बुडालेला किनारा: ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणजे काय?

मुंबई आणि सौराष्ट्रासमोर अरबी समुद्राच्या तळाशी एक विस्तीर्ण सपाट भाग आहे. त्याला ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणतात. एक फॅदम म्हणजे 6 फूट, म्हणजे इथली खोली साधारण 90 मीटर. नर्मदा-तापीचा गाळ मुख्यतः किनाऱ्याजवळ साचतो. इथे मात्र चुनखडीची वाळू आणि दगड सापडतात.

हे दगड काय सांगतात?

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना पश्चिम किनाऱ्यासमोरच्या नमुन्यांत ऊलाइट, म्हणजे चुन्याचे बारीक गोल दाणे आढळले. असे दाणे उथळ, उबदार आणि सतत हलत्या पाण्यात तयार होतात. हॅलिमेडा या चुनायुक्त शैवालाचे अवशेषही मिळाले. त्याला वाढायला सूर्यप्रकाश लागतो. म्हणजेच आज खोल असलेला हा तळ कधीकाळी उथळ होता. ऊलाइट तयार होताना नद्यांचा गाळ कमी येत होता, म्हणजे पाऊसही कमी असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

समुद्र गेला कुठे होता?

सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, प्रचंड पाणी जमिनीवरच्या बर्फात अडकलं होतं. समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. सिंधुदुर्गासमोरची अंग्रिया बँक, जिचा माथा आज सुमारे 20 मीटर पाण्याखाली आहे, तेव्हा कोरडी असणार.

पाणी परतलं ते संथपणे नाही. बार्बाडोस आणि ताहितीच्या जुन्या प्रवाळांवरून कळतं की, सुमारे 14,500 वर्षांपूर्वी काही शतकांतच पातळी 12 ते 20 मीटर चढली.

सगळे प्रवाळ सारखेच का?

नाही. उथळ पाण्यातले प्रवाळ समुद्रपातळी सांगतात, कारण त्यांच्यातल्या शैवालाला प्रकाश हवा असतो. थंड, खोल पाण्यातल्या प्रवाळांना प्रकाश लागत नाही. प्रवाहाबरोबर येणाऱ्या अन्नावर ते जगतात, त्यामुळे त्यांच्या जीवाश्मांवरून प्राचीन प्रवाहांचा माग काढता येतो.

आज हे का महत्त्वाचं?

नवी मुंबईचे अनेक भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले: भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्यांत साठतं, ओहोटीला खाडीत सोडलं जातं. समुद्र चढत गेला, तर हे पाणी सोडायला मिळणारा वेळ कमी होईल. किनारा कायमचा नसतो, याचा पुरावा शहरासमोरच्या समुद्रतळावरच आहे.