वर्णरेषा आणि जॅक जॉन्सन

हातमोजे कसे असावेत आणि फेरी किती मिनिटांची असावी याचा बारकाईने निर्णय करणाऱ्या मुष्टियुद्धाच्या क्वीन्सबेरी नियमांत कृष्णवर्णीयाशी लढू नये असे एक अक्षरही नव्हते. तरीही हेवीवेट विजेता जॉन सलिव्हन याने पीटर जॅक्सनसारख्या तोलामोलाच्या योद्ध्याला केवळ वर्णासाठी उघडपणे नाकारले, आणि हा अलिखित शिरस्ता पुढे सरकारी हुकमाहूनही कसोशीने पाळला गेला.

तो ज्याने मोडला, तो जॅक जॉन्सन १८७८ साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरात, गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांच्या पोटी जन्माला आला. जगज्जेता टॉमी बर्न्स याचा पिच्छा पुरवीत तो इंग्लंडात आणि तेथून ऑस्ट्रेलियात गेला. मात्र झुंजींचा आयोजक ह्यू मॅकिंटॉश याने बर्न्सला ६,००० पौंड देऊ केले तेव्हाच झुंज ठरली. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत जॉन्सनने बर्न्सचे ठोसे मोकळ्या पंज्यावर झेलले, त्याच्याशी हसतहसत बोलत त्याला फेरीमागून फेरी थकविले, आणि चौदाव्या फेरीत पोलिसांनी झुंज थांबविली, तत्पूर्वी कॅमेरेही बंद करविले. गोऱ्या जगज्जेत्याचा शेवटचा क्षण चित्रफितीवर उरू नये, एवढी दक्षता त्या घटकेसही घेतली गेली.

निवृत्त गोरा जगज्जेता जेफ्रीज याला मग गोऱ्यांची आशा म्हणून परत आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे पंधराव्या फेरीत तो पडला, आणि त्या रात्री अनेक शहरांत दंगली होऊन कृष्णवर्णीयांचे बळी गेले. १९१२ साली तर अशा झुंजींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कायद्यानेच मनाई झाली.

जॉन्सनची खरी वृत्ती मला रिंगणाबाहेर दिसते. त्याने ना याचना केली, ना क्षमा मागितली. भरधाव मोटारी हाकल्या, गोऱ्या स्त्रियांशी विवाह केले, आणि वर्णरेषा आपल्यापुरती अस्तित्वातच नाही असा वागत राहिला. कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर वॉशिंग्टन यांनीही त्याचा जाहीर निषेध केला. स्त्रियांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी केलेल्या मॅन कायद्याखाली १९१३ साली त्याला एक वर्ष एक दिवसाची कैद फर्मावण्यात आली. तो देशाबाहेर निसटला, १९१५ साली हवाना येथे विलर्ड या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून हरून किताब गमावला, आणि १९२० साली परतून त्याने शिक्षा भोगली. राष्ट्राध्यक्षांची माफी आली ती २०१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी.

या पुरुषाविषयी आदर बाळगूनही एक दोष नमूद केलाच पाहिजे: जगज्जेता झाल्यावर त्याने सॅम लँगफर्डसारख्या स्वजातीय आव्हानवीराला संधी दिली नाही, कारण प्राप्ती गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांत अधिक होती.

हवानातील पराभवानंतर बावीस वर्षे कोणाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढण्याची मुभा मिळाली नाही. १९३७ साली जो लुई याला ती मिळाली. परंतु त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला आधीच बजावून ठेवले होते की, गोऱ्या स्त्रीसमवेत छायाचित्र काढू द्यायचे नाही, आणि पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही.