वाद आणि वितंडा : मुलकोवाल प्रकरणाचा बोध

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी चाले तो वाद, विजयासाठी चाले तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. मराठी ‘वितंडवाद’ या शब्दात पहिला व तिसरा प्रकार एकत्र आल्याने हा भेद पुसट झाला. शास्त्रीय विषयांत मात्र सामान्य माणसाला नेमक्या याच भेदाची गरज पडते.

पुण्याजवळील मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या इमारतीस २१ जानेवारी २०२१ रोजी आग लागून पाच जण मृत्युमुखी पडले. देशात करोनाचे लसीकरण सुरू होऊन तेव्हा पाचच दिवस झाले होते. कोविडच्या लसीच्या उत्पादनास बाध आलेला नाही, असे कंपनीने सांगितले. परंतु स्वतः हितसंबंधी असलेल्याचा शब्द कितपत मानावा, हा प्रश्न लसीइतकाच जुना आहे.

हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे १०७ जणांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी मंडळाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

मंडळाचा अधिकार मोठा होता. पुरावा मात्र निराळे सांगत होता. दगावलेले सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ती उघडण्यासाठी वापरलेला चिमटा त्यापूर्वी जमिनीवर पडला होता. दूषित लसीस येणारी दुर्गंधीही बाटली उघडताना आली नव्हती. या गोष्टी समजण्यास जंतुशास्त्र शिकावे लागत नाही. २९ जुलै १९०७ रोजी रोनाल्ड रॉस व अन्य तज्ज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्या मांडल्या आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

रॉस यांचा मतभेद हा खरा वाद होता : त्यांनी नुसती शंका घेतली नाही, तर मृत्यूंचे दुसरे कारण पुराव्यासह पुढे ठेवले. उत्तर मिळाल्यावरही जो तोच आक्षेप उगाळतो आणि स्वतःचे स्पष्टीकरण देत नाही, त्याची ती वितंडा होय. मग त्याची पदवी कितीही मोठी असो.